साधनं कपाटात, बॉल झाडीत

पत्र

तीन वर्षं गोल्फ खेळतोय. वय सेहेचाळीस, उजव्या हाताने खेळतो. स्कोअर (जितका कमी तितका चांगला) शंभरच्या आसपास अडकून बसलाय. कधी ९७, कधी १०६. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) मारला की बॉल उजवीकडे वळून थेट झाडीत. उपाय म्हणून जे जे दिसलं ते घेत गेलो: कोपर सरळ ठेवणारा पट्टा, टोकाला वजन असलेली लवचीक काठी, क्लबने मारायची इम्पॅक्ट बॅग, बॉल परत पाठवणारी पटिंग मॅट आणि दिशा जुळवायच्या दोन अलाइनमेंट स्टिक. त्या स्टिकचं वेष्टणसुद्धा अजून काढलेलं नाही. पुस्तकं सात आहेत. तीन निम्मी वाचली, तर तिन्ही तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पत्नी म्हणते, आता कपाटालाच हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी सवलत) द्या. बरोबर खेळणारा मित्र म्हणतो, बाकी सगळं सोड, स्कोअर पटिंगमध्ये, म्हणजे भोकाजवळच्या हलक्या फटक्यांत, असतो. सरावाला आठवड्यातून दोनदा तासभर मिळतो. यातलं काय ठेवू, काय देऊन टाकू आणि वाचू काय?

— एक वैतागलेला स्लाइसर

उत्तर

तुमच्या पत्नीला आधी माझा नमस्कार सांगा. कपाटाचा हँडिकॅप ही कल्पना मी पुढे वापरणार आहे.

तुमची यादी मी दोनदा वाचली. स्लाइस, म्हणजे बॉलचं ते उजवीकडचं वळण, घालवायला तुम्ही इतकं सामान जमवलंत, पण बॉल क्लबफेसवर (क्लबची बॉलला लागणारी बाजू) नेमका कुठे लागतो हे सांगणारी एकही वस्तू त्यात नाही. म्हणजे ताप न मोजताच औषधं सुरू. म्हणून कपाट उघडण्याआधी पायाला मारायच्या पावडरचा एक स्प्रे घ्या. तो ड्रायव्हरच्या फेसवर हलकासा मारा, पांढरा पातळ थर बसू द्या आणि एक बॉल मारा. बॉलवरच्या खळग्यांसकट एक गोल ठसा त्या थरावर उमटतो. पुसा, पुन्हा फवारा, पुन्हा मारा. वीस बॉल असे मारा आणि प्रत्येक ठसा मधोमध आहे, शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला म्हणजे हीलला आहे की टोकाला म्हणजे 'टो'ला आहे, हे कागदावर टिपून ठेवा.

याने काय होतं ते सांगते. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. तुमच्यासारखाच स्लाइस, आणि तो घालवण्यासाठी दोन वर्षं हाताचा मार्ग बदलत बसलेले. पावडर मारली तर वीसपैकी चौदा ठसे हीलकडे! ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, थोडा फुगीर असतो, आणि हेडचं वजन फेसच्या बरंच मागे असतं. बॉल हीलला लागला की हेड झटक्यात फिरतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांना फिरवतात तसा बॉलला उलट्या दिशेचा फिरका मिळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल मग उजवीकडे वळतो, स्विंग बरा असला तरीही. 'टो'ला लागला तर नेमकं उलट. आयर्नमध्ये (लोखंडी हेडच्या आखूड क्लबांमध्ये) हा प्रकार फारसा जाणवत नाही, म्हणून "आयर्न सरळ जातात, ड्रायव्हरच वळतो" ही तक्रार इतकी ऐकू येते. त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं की बॉलच्या पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूला, थोडी फट ठेवून एक रिकामी टी (बॉल ठेवायची खुंटी) रोवा आणि तिला धक्का न लावता बॉल मारा. स्लाइस पूर्ण गेला नाही, पण झाडीत जाणारा बॉल फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला थांबायला लागला. एक टी आणि एक डबा पावडर, बस.

तुमचेही ठसे हीलकडे असतील असं मी म्हणत नाही. ते मधोमध आले तर दुखणं दुसरीकडे आहे आणि मग बॉलचं उड्डाण बघायचं. इथे तुमच्या सात पुस्तकांच्या भांडणाचा एक धागा सुटतो. बॉल कुठून निघतो आणि कुठे वळतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या पुस्तकांतून असं शिकवलं जायचं की बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेस जिकडे बघतोय तिकडे वळतो. बॉलचं उड्डाण मोजणारे, रडारवर चालणारे लाँच मॉनिटर आल्यावर दिसलं की निघायची दिशा मुख्यतः फेस ठरवतो. वळण येतं ते फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकातून. म्हणून तुमचा बॉल नीट बघा. डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर फेस लक्ष्याच्या डावीकडे आहे आणि स्विंग त्याहूनही डावीकडे चाललाय. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे जात असेल तर फेस सताड उघडा आहे, आणि मग आधी ग्रिप (क्लबवरची पकड) बघायची. दोन्हीला लोक स्लाइसच म्हणतात, पण उपाय एकच कसा असेल?

जुन्या नियमावर विसंबून "फेस झेंड्याकडे ठेव आणि स्विंग उजवीकडे कर" असं करणारा माणूस बॉल झेंड्याच्या दिशेने काढतो आणि डावीकडे हरवतो. मग म्हणतो, पुस्तकाप्रमाणेच तर केलं!

आता त्या स्टिक. वेष्टण आजच काढा. बर्फाळ भागात रस्त्याची कड कळावी म्हणून फायबरग्लासच्या काठ्या रोवतात, त्यांचीच ही बहीण. दिसायला काहीच नाही, पण तुमच्या सगळ्या सामानात हीच सर्वांत कामाची. एक स्टिक बॉलच्या थोडी पलीकडे, लक्ष्याकडे बघणारी. दुसरी तुमच्या पायांच्या बोटांपुढे, पहिलीला समांतर. रेल्वेचे दोन रूळ समजा. इथे हमखास चूक होते: लोक पायापुढची स्टिकच झेंड्याकडे रोखतात. तसं केलं की बॉलची रेषा झेंड्याच्या उजवीकडे जाते. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पायांची रेषा झेंड्याच्या किंचित डावीकडे जायला हवी.

स्लाइस मारणाऱ्याला स्टिकची गरज जास्त असते, कारण त्याच्या पायाखाली एक चक्र फिरत असतं. बॉल उजवीकडे जातो, म्हणून तो नकळत डावीकडे तोंड करून उभा राहायला लागतो. खांदे डावीकडे, म्हणून क्लब बाहेरून आत येतो, म्हणून वळण वाढतं, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी डावीकडे उभा राहतो. स्टिक ठेवून पहिल्यांदा सरळ उभं राहिलात की तुम्हाला आपण उजवीकडच्या झाडीकडेच तोंड करून उभे आहोत असं वाटेल. तसं वाटलं तर समजा, इतके दिवस तुम्ही तिरके उभे होतात.

कोपराचा पट्टा देऊन टाका. मीही एकेकाळी तसलाच एक महिनाभर बांधला होता. बांधलेला असताना स्विंग चित्रासारखा, आणि काढल्यावर तिसऱ्या बॉलला सगळं जैसे थे. दोष माझाच होता. मला वाटलं पट्टा शिकवतोय, तो तर फक्त धरून ठेवत होता. चूक होऊच दिली नाही तर ती सुधारायची कशी? स्टिक, पावडर, टी या गोष्टी तुम्हाला हवी तेवढी चूक करू देतात आणि लगेच सांगतात की केलीत. पुढे काही विकत घ्यायचा मोह झाला तर एवढंच विचारा: ही वस्तू मला काही सांगणार आहे की नुसती धरून ठेवणार आहे?

इम्पॅक्ट बॅग ठेवा, पण तिच्यावर राग काढू नका. पूर्ण ताकदीने मारलंत तर मनगटं बोलायला लागतील. अर्ध्या वेगाने या, बॅगेला लागल्यावर तिथेच थांबा आणि खाली बघा: हात क्लबहेडच्या पुढे आहेत का, डावं मनगट सपाट आहे का, फेस कुठे बघतोय. दहा वेळा पुरे. लवचीक काठीही ठेवा. ती घाईघाईत फिरवताच येत नाही हाच तिचा गुण. टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांतल्या, खेळाडूंच्या स्विंगमध्ये मागे नेण्याचा वेळ आणि खाली येण्याचा वेळ यांचं प्रमाण साधारण ३:१ असतं. काठीने तो ताल अंगात उतरतो आणि खेळायला निघण्यापूर्वी शरीरही मोकळं होतं. तिने स्लाइस जाईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

काठीवरून अर्नेस्ट जोन्स आठवले. पहिल्या महायुद्धात या इंग्लिश व्यावसायिक गोल्फपटूचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तरी ते चांगलं खेळत राहिले आणि पुढे नावाजलेले शिक्षक झाले. शिकवायचं साधन काय, तर रुमालाच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू. रुमाल धरून चाकू झुलवला तर तो लयीत झुलतो. हाताने ढकलायला गेलात की रुमाल ढिला पडतो आणि चाकू भरकटतो. स्विंग म्हणजे झोका, धक्का नव्हे, हे याहून स्वस्तात कोणी शिकवलेलं मला माहीत नाही. (तुम्ही चाकूऐवजी किल्ल्यांचा जुडगा बांधा.)

पटिंग मॅटबद्दल माझं मत जरा कडू आहे. बॉल परत पाठवण्यासाठी तिच्या टोकाला चढ केलेला असतो. तो चढायला बॉल जोरातच मारावा लागतो आणि अंतरही रोज तेच. महिनाभरात तुम्ही त्या मॅटवर उस्ताद होता आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) पहिला पट, म्हणजे पटरचा फटका, चार फूट पुढे घालवता. ग्रीनवर वेगाचा अंदाज हाच मोठा प्रश्न असतो आणि मॅट तोच विचारत नाही. मॅट ठेवायचीच असेल तर चढाच्या अलीकडे एक नाणं ठेवा आणि बॉल त्या नाण्यावर थांबवायचा प्रयत्न करा. दिशेसाठी दोन टी पुरतात: पटरच्या हेडहून किंचित रुंद फट ठेवून रोवा आणि मधून पटर न्या. तीन फुटांवरून. टायगर वूड्ससुद्धा वर्षानुवर्षं हाच सराव करत आलाय. भोक ४.२५ इंचांचं, बॉल १.६८ इंचांचा. जागा पुष्कळ आहे हो, पण फेस थोडासा तिरका लागला की ती आठ फुटांवर अपुरी पडते. टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून जेमतेम निम्मे पट घालतात, हे ध्यानात ठेवलंत तर पाच फुटांवरून चुकल्यावर पटरवर राग निघणार नाही.

सरावाच्या रेंजवरच्या कृत्रिम मॅटपासूनही सावध. क्लब बॉलच्या मागे पडला तरी तो मॅटवरून घसरत पुढे येतो आणि बॉल बऱ्यापैकी जातो. गवतावर तोच फटका माती उकरून निम्म्या अंतरावर थांबला असता. आयर्न मारताना बॉलच्या मागे चार-पाच इंचांवर टॉवेलची घडी ठेवा. क्लब मागे पडला की टॉवेल उडतो.

तुमच्या मित्राचं काय करायचं? तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा पिढीजात ऐकीव. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी टूरवरच्या फटक्यांच्या प्रचंड नोंदी तपासून 'स्ट्रोक्स गेन्ड' ही, प्रत्येक फटक्याने किती फायदा झाला याची मोजणी रूढ केली. त्यात निघालं की उत्तम आणि सामान्य खेळाडूंच्या स्कोअरमधल्या फरकापैकी साधारण दोन-तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत असतो. पटिंगचा वाटा त्याहून बराच कमी. शंभरच्या आसपास खेळणाऱ्यालाही हेच लागू पडतं: झाडीत गेलेला एक ड्रायव्हर म्हणजे हरवलेला बॉल, दंड आणि डोक्याला ताप. तेव्हा ड्रायव्हरमागे लागण्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही, फक्त ते अंदाजाने चाललं होतं. मित्राला हे सांगाल तर जरा जपून. पटिंगवर श्रद्धा असलेली माणसं हळवी असतात.

दोन तासांची वाटणी मी अशी करीन. पहिल्या तासात पावडर, स्टिक आणि ड्रायव्हर. तीस बॉल, त्याहून जास्त नाही, आणि मधूनमधून इम्पॅक्ट बॅग. दुसऱ्या तासात सगळे क्लब मिसळा. सात नंबरचं आयर्न, मग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब), मग ड्रायव्हर, मग पुन्हा आयर्न, प्रत्येक वेळी नवं लक्ष्य. एकाच क्लबने पन्नास बॉल मारले की विसाव्यापासून सगळे सरळ जायला लागतात आणि आपण खुशीत घरी येतो. ती खुशी फसवी असते. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एकच हालचाल सलग करणारे सरावात पुढे दिसले. पण नंतर परीक्षा घेतली तेव्हा आलटूनपालटून सराव केलेल्यांना ती जास्त आठवत होती. तेव्हा दुसऱ्या तासात तुमचे बॉल वाईट गेले तर नाराज होऊ नका. मैदानावर तोच क्लब लागोपाठ पन्नास वेळा कोण देणार आहे तुम्हाला?

आता पुस्तकं. तिन्ही पुस्तकं तीन गोष्टी सांगतात, कारण प्रत्येकाने ती आपल्याच दुखण्यातून लिहिलेली असतात. तुमच्या सातात जुने नामवंत खेळाडू बेन होगन यांचं १९५७ चं 'फाइव्ह लेसन्स' असणारच, ते सगळ्यांकडे असतं. अँथनी रॅव्हिएली यांची चित्रं बघण्यासाठीसुद्धा ते घ्यावं इतकी ती देखणी आहेत. पण होगन उमेदीच्या काळात कशाने त्रासले होते? हुकने. बॉल डावीकडे जोरात वळायचा, म्हणून त्यांनी अशी ग्रिप आणि असा स्विंग घडवला की डावीकडचं भय संपावं. तुमचा बॉल उजवीकडे जातो. त्यांची ग्रिप जशीच्या तशी उचललीत तर डावा हात लक्ष्याकडे वळेल, फेस आणखी उघडा राहील आणि झाडी आणखी जवळ येईल. पाय, कंबर, तोल यांबद्दलचे धडे खुशाल घ्या. ग्रिपचं पान मात्र तुमच्यासाठी लिहिलेलं नाही.

त्याऐवजी हार्वी पेनिक यांचं 'लिटल रेड बुक' उघडा. टेक्सासमध्ये आयुष्यभर शिकवलेल्या या माणसाने अनेक वर्षं एका लाल वहीत टिपणं ठेवली होती. ती १९९२ मध्ये छापली गेली तेव्हा त्यांचं वय ८७ होतं. प्रकरणं एकेक-दोन पानांची, निजायच्या आधी एखादं वाचावं अशी. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघं नामवंत खेळाडू लहानपणापासून त्यांच्या हाताखाली शिकले, पण स्वभावाने आणि खेळाने पूर्ण वेगळे राहिले; शिक्षक म्हणून मला या गोष्टीचा फार हेवा वाटतो. १९९५ च्या एप्रिलमध्ये पेनिक गेले. क्रेनशॉ त्यांना खांदा देऊन आले आणि त्याच आठवड्यात मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकले.

ब्रोडी यांचं 'एव्हरी शॉट काउंट्स' २०१४ चं आहे. आकड्यांची आवड असेल तरच हातात घ्या, नाहीतर वर मी सांगितलं तेवढ्यावर भागवा. मैदानाकडे बघायची नजर हवी असेल तर ऑगस्टा नॅशनल हे मैदान बॉबी जोन्सबरोबर घडवणारे अॅलिस्टर मॅकेन्झी वाचा. बंकर (वाळूचा खड्डा) तिथेच का आहे आणि ग्रीन तिकडेच का झुकलंय हे कळलं की झेंड्यावर नेम धरायची खोड कमी होते. आणि ज्या दिवशी १०६ होईल त्या रात्री स्विंगवरचं काहीही वाचू नका. पी. जी. वुडहाउस यांच्या गोल्फच्या गोष्टी काढा. 'द क्लिकिंग ऑफ कथबर्ट' हा संग्रह १९२२ चा आहे आणि त्यातली माणसं अजून प्रत्येक क्लबहाउसमध्ये बसलेली आहेत.

शिकवणारं पुस्तक एका वेळी एकच उघडं ठेवा. बाकीची सहा त्या रिकाम्या झालेल्या कपाटात, पट्ट्याच्या जागी.

एक गोष्ट राहिली. पुढेमागे क्लबच्या स्पर्धेत उतराल तेव्हा ती स्टिक किंवा वजनाची काठी बॅगेत असली तर हरकत नाही, पण फेरी सुरू असताना ती घेऊन सरावाचा स्विंग केलात तर नियम ४.३ खाली स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन स्ट्रोकचा दंड आहे, आणि पुन्हा केलात तर थेट बाद. माझ्या ओळखीत एकजण तिसऱ्या भोकाच्या सुरुवातीला वाट बघता बघता काठी फिरवत बसला होता. बिचाऱ्याचा बॉल त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ जात होता.

पुढच्या पत्रात स्कोअर नको. वीस ठशांपैकी हीलकडे किती आले आणि बॉल कुठून निघतो, एवढंच कळवा.